जांघेतल्या हर्नियात अपेंडिक्स सापडतं तेव्हा

पेशंटला हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आत नेलेलं असतं. घरच्यांना आदल्या दिवशी सगळं समजावून झालेलं असतं: साधारण तासाभराचं काम, जांघेत आधाराची जाळी बसवायची, सगळं ठीक असेल तर उद्या-परवा घरी. मग मध्येच सर्जन बाहेर येतात आणि म्हणतात, "हर्नियाच्या पिशवीत अपेंडिक्स निघालंय. सुजलेलं आहे. ते काढून टाकतो. पण मग आज जाळी बसवता येणार नाही, टाके घालूनच दुरुस्ती करावी लागेल."

ऐकणारा गोंधळून जातो. अपेंडिक्स तर पोटात असतं, ते जांघेत कसं उतरलं? आधी तपासण्या झाल्या होत्या, तेव्हा कुणाला का दिसलं नाही? आणि जाळीचं ठरलेलं असताना ती अचानक रद्द का? शेवटच्या प्रश्नामागे बहुतेक वेळा एक संशय असतो, की आत काहीतरी चुकलंय आणि ते आपल्यापासून लपवलं जातंय. या आजाराची माहिती असेल तर तो संशय मुळात येणारच नाही. उलट, त्या क्षणी बेत बदलणारा सर्जन पेशंटचं भलंच करत असतो, हे लक्षात येईल.

आधी हर्निया म्हणजे काय ते पाहू. पोटाची भिंत स्नायू आणि चिवट पडद्यांच्या थरांनी बनलेली असते. या भिंतीत एखादी जागा कमकुवत झाली, की आतल्या दाबामुळे पोटातला अवयव तिथून बाहेर ढकलला जातो. सायकलच्या टायरला चीर पडली की आतली ट्यूब तिथून फुगून बाहेर येते, तसंच. बाहेर आलेला अवयव उघडा नसतो. पोटाला आतून जे पातळ अस्तर असतं, त्याचीच पिशवी त्याच्याभोवती असते. कातडी वरून शाबूत असते, त्यामुळे आपल्याला फक्त गाठ दिसते. उभं राहिलं, खोकलं, जोर केला की ती वाढते आणि आडवं झालं की आत जाते.

ही कमकुवत जागा जांघेतच का, याचं उत्तर आपल्या जन्माआधीच्या काळात आहे. मुलग्याचे वृषण पोटात तयार होतात आणि गर्भ साधारण सात महिन्यांचा असताना जांघेतून खाली अंडकोशात उतरतात. उतरताना ते पोटाच्या अस्तराची एक लांबट पिशवी सोबत ओढून नेतात. पुढे ही पिशवी मिटून जायला हवी. काही बाळांमध्ये ती मिटत नाही आणि जन्मापासून वाट उघडी राहते. मोठेपणी मात्र कारण वेगळं असतं. सततचा खोकला, बद्धकोष्ठ, प्रोस्टेट वाढल्यामुळे लघवीला करावा लागणारा जोर, जड ओझी आणि वयानुसार सैल पडणारे स्नायू, या सगळ्यांनी ती जागा हळूहळू विरत जाते. आयुष्यात कधी ना कधी जांघेतला हर्निया होण्याची शक्यता पुरुषांत सुमारे २७ टक्के आणि स्त्रियांत सुमारे ३ टक्के मानली जाते. म्हणजे हर्निया हा दुर्मिळ आजार अजिबात नाही. दुर्मिळ असतं ते त्याच्या पिशवीत अपेंडिक्स सापडणं.

एरवी या पिशवीत आतड्यांवरचा चरबीचा पडदा किंवा लहान आतड्याचं वेटोळं सापडतं. कधी मूत्राशयाचा कोपरा, लहान मुलींमध्ये कधी बीजकोश. अपेंडिक्स सापडण्याचं प्रमाण जांघेतल्या हर्नियांमध्ये साधारण १ टक्का किंवा त्याहून कमी आहे. आणि ते अपेंडिक्स सुजलेलं असणं त्याहूनही विरळ: अपेंडिक्सला सूज आलेल्या हजार पेशंटांमागे साधारण एकाची सूज हर्नियाच्या पिशवीत असते. या प्रकाराला अमियांड हर्निया म्हणतात. आयुष्यभर हर्नियाची ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनलाही तो मोजक्याच वेळा भेटतो.

अपेंडिक्स तिथवर पोचतं कसं, हे त्याच्या बांधणीवरून कळतं. पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात मोठ्या आतड्याची सुरुवात होते आणि तिथे करंगळीपेक्षा बारीक, एका टोकाला बंद असलेली ही नळी लोंबत असते. लांबी साधारण ६ ते ९ सेंटीमीटर. मुळाशी ती आतड्याला घट्ट चिकटलेली असते, पण शेंडा मोकळा. कुणाचा शेंडा आतड्यामागे वर वळलेला असतो, कुणाचा ओटीपोटात खाली लोंबतो. नळी लांब असेल, किंवा आतड्याचा तो सुरुवातीचा भाग जागेवर पक्का न राहता सैल हलत असेल, तर शेंडा जांघेच्या वाटेपर्यंत सहज पोचतो. म्हणूनच अमियांड हर्निया जवळजवळ नेहमी उजवीकडे असतो. डावीकडेही तो नोंदला गेला आहे, पण अशा पेशंटांमध्ये आतड्यांची मांडणीच वेगळी असते. काहींचे तर सगळे अवयव जन्मतः उलट्या बाजूला असतात.

बाहेर आलेलं अपेंडिक्स सुजलंच पाहिजे असं नाही. कित्येकांच्या पिशवीत ते निरोगी असतं, आत-बाहेर होत राहतं आणि ऑपरेशनपर्यंत कुणाला पत्ताही लागत नाही. सूज कशी येते याबद्दल दोन मतं आहेत. एक मत असं, की हर्नियाच्या अरुंद तोंडाशी ते चिमटलं जातं. खोकला आला, जोर केला की पोटाचे स्नायू आवळतात आणि नळीचा रक्तपुरवठा अडतो. मग ती फुगते, आतले जंतू वाढतात आणि फुगल्यामुळे ती आणखी अडकते. दुसरं मत असं, की अपेंडिक्सला सूज यायची ती आतला मार्ग मळाच्या खड्याने वगैरे बंद झाल्याने कुठेही आली असती, ते त्या वेळी हर्नियात होतं इतकंच. माझा कल पहिल्या मताकडे आहे. कारण अशा अनेक ऑपरेशनांत नेमका चिमटलेला भागच सुजलेला आणि मुळाकडचा भाग चांगला दिसतो. पण दोन्ही गोष्टी घडत असाव्यात हेच खरं.

ज्याच्या नावाने हा हर्निया ओळखला जातो तो क्लॉडियस अमियांड हा लंडनचा सर्जन. धर्मछळामुळे फ्रान्स सोडून इंग्लंडला आलेल्या ह्युगेनॉट, म्हणजे फ्रेंच प्रॉटेस्टंट, कुटुंबातला. पुढे तो राजा दुसरा जॉर्ज याचा सर्जन झाला. जेन्नरची देवीची लस यायला अजून सात दशकांहून अधिक काळ होता, तेव्हा म्हणजे १७२२ साली, राजघराण्यातल्या दोन मुलींना देवीच्या फोडातलंच द्रव्य टोचण्याचं जोखमीचं कामही त्यानेच केलं होतं. १७३३ मध्ये लंडनला सेंट जॉर्ज इस्पितळ सुरू झालं. दोन वर्षांनी तिथे ११ वर्षांचा एक मुलगा आला. त्याला लहानपणापासून उजव्या बाजूचा, अंडकोशापर्यंत उतरलेला हर्निया होता, आणि मांडीजवळ एक भोक पडून त्यातून सतत घाण स्राव वाहत होता. हर्निया दुरुस्त केल्याशिवाय ते भोक भरणार नाही, हे अमियांडला दिसत होतं.

६ डिसेंबर १७३५ रोजी त्याने ऑपरेशन केलं. त्या काळात भूल नव्हती. ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक व्हायला १८४६ साल उजाडायचं होतं. जंतूंमुळे जखम चिघळते, हे वैद्यकाला ठाऊक नव्हतं. मुलगा पूर्ण शुद्धीत होता. पिशवी उघडली तर आत अपेंडिक्स, आणि त्यात एक टाचणी! मुलाने कधीतरी गिळलेली ती टाचणी अपेंडिक्समध्ये जाऊन बसली होती, तिच्यावर खड्यासारखा थर चढला होता आणि तिने नळीला भोक पाडलं होतं. आतले भाग एकमेकांना इतके चिकटले होते की काय काय आहे हेच नीट ओळखू येत नव्हतं. सुमारे अर्धा तास तो कापाकापी करत होता. हे काम जितकं पेशंटला यातनादायक तितकंच आपल्याला कष्टाचं होतं, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलंय, आणि मुलाच्या धैर्याची नोंदही केली आहे. त्याने अपेंडिक्स बांधून कापून काढलं. मुलगा बरा झाला आणि जांघेला आधाराचा पट्टा लावून घरी गेला.

पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेच्या नियतकालिकात अमियांडने ही हकिकत छापली. अपेंडिक्स यशस्वीपणे काढल्याची ही पहिली नोंद मानली जाते. पोटात उजवीकडे होणाऱ्या त्या जीवघेण्या दुखण्याचं मूळ अपेंडिक्समध्ये असतं, हे बॉस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी स्पष्ट मांडलं आणि त्याला नाव दिलं ते १८८६ मध्ये. म्हणजे अपेंडिक्सचा आजार नीट कळण्याच्या दीडशे वर्षं आधी ते काढून झालं होतं, तेही हर्नियाच्या वाटेने. मला या गोष्टीत त्या मुलाचं फार वाटतं. भूल नाही, आईबाप जवळ होते की नाही माहीत नाही, आणि अर्धा तास!

अमियांडच्याही आधी, १७३१ मध्ये, पॅरिसच्या द गारांजो या सर्जनने अपेंडिक्स असलेला दुसऱ्या प्रकारचा हर्निया नोंदवला होता. तो जांघेच्या घडीच्या खाली, मांडीच्या सुरुवातीला येतो. मांडीकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या शेजारी एक चिंचोळी फट असते, तिथून. हा प्रकार स्त्रियांमध्ये, विशेषतः उतारवयात, जास्त दिसतो. त्या फटीच्या कडा ताठ असतात, त्यामुळे आत शिरलेली गोष्ट लवकर अडकते. गाठ लहान असते, सुपारीएवढीही असू शकते. लुगड्याच्या-साडीच्या आड ती कुणाला दिसत नाही, आणि आजी स्वतःहून सांगत नाहीत. जांघेतलं दुखणं दाखवायची लाज वाटणं आपल्याकडे अजून आहे. सुनेने किंवा लेकीने आपणहून विचारावं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आता लक्षणांबद्दल. इथे थोडं सावकाश वाचा, कारण खरी फसगत इथेच होते. अपेंडिक्सचं नेहमीचं दुखणं बेंबीभोवती सुरू होतं आणि मग उजवीकडे खाली सरकतं. ताप येतो, उलट्या होतात, पोट कडक होतं. हर्नियात अडकलेलं अपेंडिक्स यातलं बरंचसं दाखवतच नाही. पू आणि सूज त्या पिशवीत कोंडलेली असते, त्यामुळे पोट मऊच राहतं. तापही कधी असतो, कधी नसतो. दिसते ती जांघेतली गाठ: कालपर्यंत आत जाणारी गाठ आज जात नाही, दुखते, हात लावू देत नाही, वरची कातडी लाल आणि गरम होते. आतड्याचं वेटोळं अडकलं तर मार्ग बंद होऊन पोट फुगतं, गॅस आणि शौच थांबतं. अपेंडिक्स ही तर बाजूची बंद गल्ली, ती अडकल्याने आतड्याचा रस्ता बंद होत नाही. त्यामुळे शौचाला साफ होतं, जेवण जातं, आणि माणसाला वाटतं की काही गंभीर नसणार.

मग घरगुती उपाय सुरू होतात. पायाला काही लागलं असेल म्हणून अवधाण आलंय, असं समजून कुणी शेक देतं. कुणी तेल लावून चोळतं. कुणी गाठ दाबून आत "बसवायला" बघतं. यातलं शेवटचं सर्वांत धोक्याचं. पिशवीने ती सगळी घाण पोटाबाहेर अडवून धरलेली असते. जोर लावून ती आत ढकलली, तर सडलेलं अपेंडिक्स किंवा आतडं थेट पोटाच्या पोकळीत जातं आणि पू सगळीकडे पसरतो. जे काम छोट्या छेदातून झालं असतं, त्यासाठी मग पूर्ण पोट उघडायची वेळ येते. जुनी गाठ अचानक दुखायला लागली आणि आत जाईना, तर तिला हात न लावता, काही न खाता-पिता, सर्जन असलेलं इस्पितळ गाठायचं. रात्र असली तरी.

लहान बाळांच्या बाबतीत तर तासांचा हिशेब असतो. अंडकोशाच्या बाजूला सूज, कातडी लाल, बाळ सारखं रडतंय, अशा वेळी हर्निया असू शकतो, त्यात अपेंडिक्सही असू शकतं. आणि वृषणाला पीळ पडल्याचं चित्रही असंच दिसतं. पीळ पडलेला वृषण वाचवायला साधारण ६ तासांचा अवधी असतो. कोणतं आहे हे घरी ओळखता येत नाही, ओळखायचा प्रयत्नही करू नये.

डॉक्टरांना आधी का कळलं नाही, या प्रश्नाचं उत्तर आता सोपं होतं. अडकलेला हर्निया हे निदान हात लावून होतं आणि त्यावर ऑपरेशन हाच उपाय असतो. आत काय आहे याचा शोध घेण्यात वेळ घालवणं अनेकदा पेशंटच्या हिताचं नसतं. सोनोग्राफीत एका टोकाला बंद असलेली, दाबली न जाणारी नळी दिसली तर अंदाज बांधता येतो. सीटी स्कॅनमध्ये ती आणखी स्पष्ट दिसते, कारण तिचं मूळ आतड्यापर्यंत माग काढता येतं. पण साध्या, न दुखणाऱ्या हर्नियासाठी सीटी कुणी करत नाही, आणि करायची गरजही नसते. त्यामुळे बहुतेक अमियांड हर्निया ऑपरेशनच्या टेबलावरच कळतात. हे निदान चुकल्याचं लक्षण नाही.

तिथून पुढे काय करायचं, यासाठी लोसानॉफ आणि बॅसन या सर्जनांनी केलेली चार प्रकारांची विभागणी जगभर वापरली जाते. सगळा प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतो: जंतू आहेत की नाहीत. अपेंडिक्स निरोगी असेल तर ते आत सरकवायचं आणि ठरल्याप्रमाणे जाळी बसवायची. सुजलेलं असेल पण पू पिशवीतच असेल, तर त्याच छेदातून ते काढायचं आणि जाळी न लावता दुरुस्ती करायची. पू पोटात पसरला असेल तर पोट उघडून किंवा दुर्बिणीने साफ करायचं, आणि तिथेही जाळी टाळायची. चौथ्या प्रकारात सुजलेल्या अपेंडिक्सबरोबर पोटात दुसराही काही आजार सापडतो, तिथे त्या आजाराप्रमाणे निर्णय.

जाळीची एवढी भीती कशासाठी? हर्नियाची जाळी बहुधा पॉलीप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या धाग्यांची असते. शरीराच्या पेशी तिच्यात हळूहळू गुंफल्या जातात आणि भिंत मजबूत होते. पण जंतू तिथे आधी पोचले तर ते धाग्यांवर चिकट थर करून बसतात. रक्तातून आलेलं अँटिबायोटिक त्या थरात नीट शिरत नाही. जखम महिनोन्‌महिने वाहत राहते, आणि शेवटी पुन्हा ऑपरेशन करून जाळी काढावी लागते. तिच्याशी आता मांस एकजीव झालेलं असल्याने ते काम पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. सूज अगदी कमी असताना जाळी बसवून पेशंट बरे झाल्याचेही दाखले आहेत, त्यामुळे काही सर्जन तेवढी मोकळीक घेतात. पू असताना मात्र जाळी नाही, यावर फारसा वाद नाही.

निरोगी अपेंडिक्सबद्दलचा वाद अजून मिटलेला नाही. ते काढायचं म्हणजे आतडं कापायचं, म्हणजे स्वच्छ ऑपरेशनमध्ये जंतूंना वाट करून द्यायची. वय झालेल्या माणसाला अपेंडिक्सची सूज येण्याची शक्यता कमी, त्याच्यासाठी ते तसंच ठेवून जाळी बसवणं शहाणपणाचं वाटतं. लहान मुलाला आयुष्य पडलेलं असतं आणि त्याला जाळी लावायची नसतेच, म्हणून तिथे काढण्याकडे कल असतो. डावीकडे सापडलं तर बरेच सर्जन काढून टाकतात. उद्या ते सुजलं तर दुखणं भलत्याच जागी सुरू होईल आणि कुणाच्या लक्षात येणार नाही.

जाळीशिवाय दुरुस्ती म्हणजे दुय्यम काम, असा समज करून घेऊ नये. इटलीच्या बास्सिनी यांनी १८८०च्या दशकात टाक्यांची पद्धत बसवली आणि पुढची शंभर वर्षं जगभर हर्निया असेच दुरुस्त होत होते. त्यात कडा ओढून शिवाव्या लागतात, ताण येतो, त्यामुळे हर्निया पुन्हा होण्याची शक्यता जाळीपेक्षा जास्त असते, हे खरं. पुण्याचे सर्जन डॉ. मोहन देसरडा यांनी यावर वेगळी वाट काढली. पेशंटच्याच पोटाच्या बाहेरच्या स्नायूच्या चिवट पडद्याची एक पट्टी, दोन्ही टोकं शरीराला जोडलेली ठेवून, ते मागच्या कमकुवत भिंतीवर शिवतात. जाळीचं काम शरीराचंच जिवंत ऊतक करतं, बाहेरची वस्तू आत जात नाही. २००१ मध्ये त्यांनी ही पद्धत आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडली आणि ती अनेक देशांत पोचली. जिथे जाळी लावणं धोक्याचं, अशा ठिकाणी तिचा विचार आवर्जून होतो.

महाराष्ट्राचं जाळीशी आणखी एक नातं आहे, तेही सांगायला हवं. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी पाहिलं, की गरीब पेशंटला महागडी जाळी परवडत नाही आणि म्हणून त्याला जुनीच पद्धत मिळते. त्यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून जाळी म्हणून वापरलं, इतर सर्जनांना सोबत घेऊन त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे युगांडात ३००हून अधिक पुरुषांवर महागडी जाळी आणि मच्छरदाणीच्या जातीची स्वस्त जाळी यांची रीतसर तुलना झाली. २०१६ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात वर्षभरानंतर दोन्ही गटांत फारसा फरक दिसला नाही. दोंडाईच्यासारख्या गावातून निघालेला विचार आफ्रिकेतल्या पेशंटांपर्यंत गेला, याचा अभिमान वाटावा. जंतुसंसर्गाचा नियम मात्र स्वस्त जाळीलाही लागू होतोच.

तेव्हा हर्नियाच्या ऑपरेशनआधी संमतीपत्रावर सही करताना एक प्रश्न जरूर विचारा: आत वेगळं काही निघालं तर काय कराल? चांगला सर्जन या प्रश्नाने चिडत नाही, उलट त्याला बरं वाटतं. आधी बोलणं झालेलं असेल तर मधेच बाहेर येऊन सांगितलेली बातमी घरच्यांना धक्का देत नाही.

घरी जाताना दोन कागद मागून घ्या. काढलेलं अपेंडिक्स तपासायला पाठवतात, त्याचा रिपोर्ट आठवड्याभरात येतो. क्वचित त्यात गाठ किंवा दुसरा आजार निघतो, त्यामुळे तो आणून डॉक्टरांना दाखवल्याशिवाय फाइल बंद करू नका. दुसरा कागद डिस्चार्ज कार्डाचा. त्यावर अपेंडिक्स काढलं की आत ठेवलं, आणि जाळी बसवली की नाही, हे स्पष्ट लिहिलेलं आहे ना ते बघा. नसेल तर तिथेच लिहून घ्या. एरवी अपेंडिक्स काढल्याची खूण पोटावर उजवीकडे असते आणि डॉक्टर ती पाहून ओळखतात. इथे व्रण जांघेत असतो. दहा वर्षांनी दुसऱ्या गावात पोटात उजवीकडे कळ आली, तर तिथल्या डॉक्टरांना हा व्रण हर्नियाचाच वाटणार, आणि आत अपेंडिक्स आहे की नाही हे सांगायला तो कागदच लागेल.